सेनापती मागे सरेना!

जत्रेचं नाटक एकदाच होतं, पण त्याचे किस्से वर्षभर पुरतात. आमच्या डिचोली तालुक्यातल्या गावात पडदे ठेवायला देवळामागे एक खोली आहे. किस्से ठेवायला खोली नाही, म्हणून ते माझ्याकडे साठतात. मी नाटकाचा प्रॉम्प्टर! यंदाचे किस्से आता मजेत सांगतोय, कारण सगळं निभावलं. आणि सगळं घडलं एका शब्दापायी. माघार!

*

आमचे दिग्दर्शक दत्ताराम मास्तर. हायस्कुलात मराठी शिकवून रिटायर झाले, शिकवणं काही रिटायर झालं नाही.

गेल्या वर्षीची पहिली तालीम. शेवटच्या प्रवेशात शत्रूचा राजा चाल करून येतो आणि आमचा सेनापती माघार घेतो, एवढंच बसवायचं होतं. मास्तर मध्येच थांबले. "माघार म्हणजे काय? कोण सांगेल?"

झालं! आता चहा निवणार हे आम्ही ओळखलं.

"मागे हा शब्द आला 'माग'वरून. माग म्हणजे पावलांची खूण. आणि माग आला 'मार्ग'वरून. मग माघारी जाणारा करतो काय? ओळखीच्या वाटेने परत येतो! यात लाजायचं काय? आमची आई बाहेर पडताना म्हणायची, 'सुखरूप माघारी ये.' पळपुटेपणा त्या शब्दाला आपण चिकटवला!"

आमोण्याचा पुंडलिक आमच्यात दूताचं काम करतो. शेतकरी माणूस. तो म्हणाला, "खरं मास्तर. आमची मांडवी भरतीला वर येते, सुकतीला मागे जाते. तिला कोण भित्री म्हणतो?"

मास्तरांनी त्याची पाठ थोपटली. तेवढ्यात सेनापतीचं काम करणारा विठू उठला. "मास्तर, शब्द कुठून आला ते कळलं. आता मी कुठून जायचं ते सांगा. डावी विंग की उजवी?"

*

विठू म्हणजे आमचा बस ड्रायव्हर. डिचोली-पणजी रूटवर खाजगी बस चालवतो. मनाने लोणी, पण मागे सरणं रक्तातच नाही.

एकदा आमच्या अरुंद रस्त्यावर त्याच्या बससमोर दुसरी बस आली. मधोमध दोघेही! बाजूला दगडी गडगा, पलीकडे शेत. तो म्हणतो तू घे रिव्हर्स, हा म्हणतो तू घे. इंजिनं बंद! पॅसेंजर खाली उतरले. मागून सायकलवर पोदेर आला, त्याने दोन्हीकडच्या लोकांना पाव विकले आणि पोंपों करत निघून गेला.

शेवटी एका म्हातारीने तोडगा काढला. तिकडचे पॅसेंजर इकडे चढले, इकडचे तिकडे. आता ज्याला जिथे जायचं ते बसच्या मागच्या बाजूला! म्हणजे दोघांनाही रिव्हर्स घेणं भाग पडलं.

मी नंतर विठूला चिडवलं, "शेवटी घेतलीस ना माघार?"

"छट्! मी कुठे घेतली? पॅसेंजर बदलले!"

*

तर हा असला माणूस मास्तरांनी हरणारा सेनापती केला. त्यात गेल्या वर्षी पहिल्या रांगेत त्याची सासुरवाडी! शिरगावहून सगळी मंडळी आलेली, सासरे मधल्या खुर्चीवर.

शत्रूचा राजा झाला होता आमचा श्याम टेलर. अंगाने काडी. ठरल्याप्रमाणे तो गरजला, "सेनापती, शरण ये!" विठूने एकवार सासऱ्यांकडे पाहिलं आणि तो पुढेच सरकला! मी विंगेतून सांगतोय, "माघार! माघार!" पण ऐकतो कोण? श्याम बिचारा मागे मागे जात पडद्यात गुंडाळला गेला. मास्तर विंगेतून ओरडले, "विठू, तू हरलायस रे!"

विठू स्टेजवरून म्हणाला, "कोण सांगतो?"

टाळ्यांचा कडकडाट! मग ठरल्याप्रमाणे राजाने विजयोत्सव साजरा केला, तो लंगडत.

आठवडाभराने मास्तरांनी जाहीर केलं, "पुढच्या वर्षी पुन्हा हेच नाटक. शेवट नीट होईपर्यंत दुसरं बसवणार नाही!"

*

श्यामचं मात्र तसं नाही हां. पंचायतीच्या निवडणुकीत कोणीतरी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि त्याने अर्ज भरला. घरात सुतक! बायको म्हणे, "ब्लाउज कोण शिवणार, तुझे मतदार?"

माघारीच्या शेवटच्या दिवशी त्याने अर्ज मागे घेतला. संध्याकाळी बायकोने वाडाभर पेढे वाटले. जो निवडून आला त्याच्या घरीसुद्धा एवढा आनंद झाला नसेल!

*

आता यंदाचं. रंगीत तालमीला पणजीहून भाड्याचे कपडे आले, त्यात सेनापतीचा शेलाच नाही. विठू तडक घरी गेला आणि कपाटातून बायकोचा लग्नातला शालू कमरेला गुंडाळून आला. मी म्हटलं, "सुलभाला विचारलंस?" तर म्हणतो, "नवऱ्याने काय विचारायचं असतं?"

तालमीत मिशी सुटली आणि तिचा गोंद शालूच्या जरीवर पसरला. हा एवढा डाग!

सुलभा, म्हणजे विठूची बायको, माझी शिरगावची चुलतबहीण. लग्न मी जुळवलेलं, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या मला. डाग बघून ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "चूक झाली म्हण." विठू म्हणाला, "नाटकात असं होतंच. कापडच तर आहे!" ती बॅग भरून माहेरी गेली.

मी शिरगावला समजवायला गेलो. ती म्हणाली, "दादा, डागाचं काय नाही. कापडच तर आहे म्हणाला ना, तेंच लागलां! चार लोकांमुखार मिरवलो माझो शालू, चार लोकांमुखारच चूक कबूल करूंक जाय!" म्हणजे माफी हवी तीही चारचौघांसमोर.

निघताना काका, म्हणजे विठूचे सासरे, मला गेटपर्यंत सोडायला आले. हळूच म्हणाले, "बोलते तशी ती. पण बसचा हॉर्न वाजला की दारात जाऊन उभी राहते."

इकडे तिचा निरोप ऐकूनही विठू हटला नाही, हॉटेलातली भाजी आणि पाव खाऊन दिवस काढत होता. डायलॉग विसरायला लागला. एकदा तालमीनंतर देवळाच्या पायरीवर बसून म्हणाला, "घर खायला उठतं रे."

"मग जा ना शिरगावला. बस आहे, रस्ता ओळखीचा आहे."

"आणि गाव काय म्हणेल? विठूने माघार घेतली!"

मला सांगा, अशा माणसाला करायचं काय? सुलभा आता येतच नाही की काय, या विचाराने माझीच झोप उडाली.

*

जत्रा आली. नाटक रंगलं. शेवटच्या प्रवेशाआधी मी विंगेतून डोकावलो, तर पहिल्या रांगेत काका, आणि त्यांच्या शेजारी हाताची घडी घालून सुलभा! म्हटलं, मेलो. सासऱ्यांसमोर मागे न सरणारा हा गडी, आता बायकोसमोर काय करणार? आज श्यामचा दुसरा पाय जाणार!

श्यामही शहाणा. यंदा तो लांबूनच गरजला, "सेनापती, शरण ये!"

विठूचा हात तलवारीवर गेला. त्याने पहिल्या रांगेकडे पाहिलं आणि तो तसाच उभा राहिला. मास्तरांनी विंगेतला खांब धरला. मी म्हटलं, "माघार..." काही नाही. जरा मोठ्याने म्हटलं, "माघार!"

विठूने तलवार खाली ठेवली. कमरेचा, मागाहून आणलेला भाड्याचा शेला सोडला, त्याची नीट घडी घातली आणि दोन्ही हातांवर घेऊन तो माइकपाशी आला.

"शालू आम्ही न विचारता नेला," तो सेनापतीच्या आवाजात म्हणाला. पुढे आवाज बारीक झाला. "डाग आम्ही पाडला. वर तोंड करून बोललो तेही आम्हीच. चूक आमची आहे. आम्ही माघार घेतो."

नाटकात शालू कुठेच नाही! गोंधळलेल्या श्यामनेही आपली तलवार खाली ठेवली. मास्तर माझ्या कानात पुटपुटले, "हे कुठल्या पानावर आहे रे?"

पहिल्या रांगेत सुलभा उठून उभी राहिली. डोळे पुसले, पदर खोचला आणि मागच्या रांगांकडे हात करत तिथूनच ओरडली,

"मोठ्यान सांग! फाटल्यांक आयकूंक येना!"