शिवकन्येचा डावा हात

ईट गावच्या गोरोबा मेंढपाळाची लेक शिवकन्या जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात निवासी डॉक्टर झाली, पण हात मेंढपाळाचाच राहिला. पोट फुगलेल्या मेंढीच्या कुशीत बाप एका दणक्यात सुई घुसवायचा आणि जनावर वाचायचं. लेकीचाही हात तसाच, झटक्याचा.

छातीतलं पाणी काढायला शिकवताना तिच्या वरिष्ठ डॉक्टर वैष्णवी मॅडमनी खाटकाकडून बकऱ्याच्या बरगड्या आणल्या होत्या. शिवकन्येनं सुई घातली की मॅडम मुद्दाम ट्रे हलवायच्या. "डावा हात कुठंय? सुईचं बूड धरून तो पाठीवर टेकलेला पाहिजे. माणूस हलला तर सुई त्याच्याबरोबर हलली पाहिजे. नाहीतर फुप्फुसाला भोक पडेल." मेलेला बकरा कुठला हलतोय, असं मनात म्हणत शिवकन्या धुसफुसायची. बाई नुसती छळवादी, असं तिचं ठाम मत होतं.

आज बरगड्या जित्या माणसाच्या होत्या. परंड्याचे बब्रुवान आबा, उजव्या छातीत पाणी साचलेलं, धाप अशी की वाक्य पुरं होईना. टेबलावरच्या उशीवर हात टेकून ते तिच्याकडं पाठ करून बसले.

"सिस्टर, सायेब... कवा येणार?"

"मीच डॉक्टर हाय, आबा. आता अजिबात हलायचं न्हाय."

आबांनी मान डोलावली. पटलं काही नव्हतं.

मॅडम शेजारी उभ्या होत्या. जागा बधिर झाल्यावर शिवकन्येनं सुई बरगडीच्या वरून हळूहळू सरकवली. उजवा हात झटका द्यायला शिवशिवत होता. तिनं ओठ चावून तो आवरला. नळीत पिवळसर पाणी उतरलं. आणि नेमके तेव्हाच दवाखान्याचे मोठे सर वॉर्डात आले.

साधा तलाठी दारात आला तरी आबा जन्मभर बाज सोडून उभे राहिलेले. त्यांनी हात जोडले आणि कंबर उचलली.

सुई आत होती, काढायला वेळ नव्हता. पण तिचा डावा हात सुई धरून पाठीला चिकटलेला होता. पाठ उठली तसा तो उठला आणि त्याच्याबरोबर सुईही.

"आबा, बसा." तिचा आवाज फाटला.

"सायेब आल्यात, बसून कसं..."

"देव आला तरी उठायचं न्हाय."

सरच चटकन मागं सरले. आबा सावकाश खाली टेकले. पाणी पिवळंच येत होतं, रक्ताचा थेंब नव्हता. सुई निघाल्यावर मॅडमनी दोन्हीकडची छाती नीट ऐकली आणि शिवकन्येकडं बघून सगळं ठीक असल्याची मान डोलावली. तेव्हा कुठं तिनं डावा हात पाठीवरून उचलला.

पट्टी लावून ती आबांच्या समोर आली. लांब श्वास घेत आबांनी तिला आज पहिल्यांदाच नीट न्याहाळलं. मग सरांकडं नाही, तिच्याकडं बघून हात जोडले.

"आता तरी उठू का, डॉक्टरीनबाई?"

तिला रडूच फुटलं. "उठा," ती म्हणाली आणि डावा हात पुन्हा त्यांच्या पाठीवर ठेवला.