तू लांबूनच

गोल साहेबांनी मारला. पास माझा होता. मागून उचललेला लांब बॉल नेमका त्यांच्या पुढ्यात पडला, त्यांनी नुसता पाय लावला. सगळी टीम त्यांच्या अंगावर कोसळली. कुणी गळ्यात पडलं, कुणी पाठीवर थापा मारल्या. मीपण धावलो. मी स्टॉपर बॅक, बचावात सगळ्यात मागं. आमच्या गोलापासून धावत त्यांच्यापर्यंत आलो, हात पसरून. साहेबांनी मला येताना पाहिलं आणि तळवा पुढं केला.

"तू लांबूनच."

हसत म्हणाले. बाकीचेही हसले. मी हात खाली घेतले आणि परत माझ्या जागेवर गेलो. सिल्वासाच्या त्या मैदानावर बघायला आलेली माणसं टाळ्या वाजवत होती. त्यांना वाटलं असेल, साहेब गंमत करतायत.

गंमत नव्हती. नोकरीला लागलो तेव्हा या माणसानं माझं आडनाव दोनदा विचारलं होतं. नंदुरबारकडचा मी, गाव सोडून इथं धाग्याच्या कारखान्यात बॉबिनी उचलायला आलेला. साहेब मुंबईचे, प्रॉडक्शन मॅनेजर. कॅन्टीनमध्ये माझा स्टीलचा ग्लास वेगळा ठेवला जायचा. कुणी ठेवायला सांगितलं, हे कुणी सांगत नव्हतं. मी जवळच अथालला भाड्याच्या खोलीत राहायचो, तिथं असलं काही नव्हतं. तिथं सगळेच माझ्यासारखे, पोटासाठी आलेले.

बोर्डिंगात असताना फुटबॉल शिकलो होतो. म्हणून टीममध्ये घेतलं. का घेतलं ते मात्र हळूहळू कळलं. साहेब कॅप्टन. पुढं खेळायचे. घाम यायच्या आधी दमायचे. कुणी जवळून गेलं तरी धाडकन पडायचे, गुडघा धरून गडाबडा लोळायचे, आणि फ्री किक मिळाली की उठून केस नीट करायचे. हा आमचा मोठा खेळाडू! आणि मी कशाला? समोरच्याला आडवं करायला.

"याला अंगावर सोडा," साहेब टीमला सांगायचे. "जनावर आहे. हाडं मोडतो."

माझ्या देखत सांगायचे. मी ऐकून घ्यायचो. मला वाटायचं, माझ्या ताकदीचं कौतुक आहे.

त्या मॅचनंतरची फायनल गलोंड्याच्या एका कारखान्याच्या टीमबरोबर होती. त्यांचा एक विंगर होता, वारली. काटक, बारीक अंगाचा, पण पायात वारं. पहिल्या हाफमध्ये त्यानं आमच्या टीमला नाचवलं. मध्यंतरात साहेबांनी मला बाजूला घेतलं. तेव्हाही हातभर अंतर ठेवूनच.

"त्याच्या घोट्यावर मार. रेफ्री दुसरीकडं बघत असेल तेव्हा. परत उभा नाही राहिला पाहिजे."

"साहेब, बॉल काढून घेतो की मी."

"बॉल नकोय मला. सांगितलं तेवढं कर. तुम्हाला तेवढंच जमतं."

तुम्हाला. एकट्या मला नाही. माझ्या बापाला, आजाला, आख्ख्या वस्तीला.

दुसऱ्या हाफमध्ये तो विंगर बॉल घेऊन सरळ माझ्यावर आला. रेफ्री लांब होता. घोटा माझ्या समोर होता. मी खांद्याला खांदा लावला आणि बॉल काढून घेतला. तो पडला. बॉल बाहेर टोलवून मी त्याला हात दिला. त्यानं घट्ट धरला. उठला. माझा घाम त्याच्या अंगाला, त्याचा माझ्या. "क्या ताकद है, भाई," म्हणाला आणि पळाला.

साहेब लांबून ओरडत होते.

मग आम्हाला कॉर्नर मिळाला. मी उंच, म्हणून हेड मारायला पुढं गेलो. बॉल आला तेव्हा साहेब माझ्या शेजारीच होते. तो विंगरही बचावाला मागं आला होता. तो साहेबांच्या जवळून गेला मात्र, साहेब किंचाळत जमिनीवर. रेफ्रीनं शिट्टी मारली. पेनल्टी. गलोंड्याची पोरं रेफ्रीभोवती गोळा झाली. हमरीतुमरी सुरू झाली. रेफ्री शाळेतले पीटीचे मास्तर, तेही गोंधळले. तेव्हा साहेब पडल्या पडल्या माझ्याकडं बोट करून म्हणाले, "विचारा याला. शेजारीच होता."

किती खात्री! ग्लास वेगळा ठेवलेल्या माणसाची साक्ष आपल्याच बाजूनं पडणार म्हणून.

"नाही सर," मी म्हणालो. "धक्का लागला नाही. साहेब आपणहून पडले."

मास्तरांनी पेनल्टी मागं घेतली. साहेब उठले. गुडघा एकदम बरा. तरातरा आले आणि माझी कॉलर धरली. दोन्ही हातांनी. तेव्हा विटाळ झाला नाही. मारायला मी जवळचा होतो.

"बाहेर हो. आत्ताच्या आत्ता."

मी त्यांचे हात कॉलरवरून काढले. एकेक.

"रेफ्रीनं काढलं तर जाईन. तुम्ही इथं साहेब नाही."

आणि खेळलो. शेवटची शिट्टी होईपर्यंत खेळलो. आमच्यातला कुणी मला पास देत नव्हता. मी बॉल हिसकावून घ्यायचो. आम्ही हरलो. गोल त्याच विंगरनं मारला, मला चकवून. चांगला मारला.

सोमवारी मला बॉयलरवर टाकलं, कोळसा ओढायला. टीममधून नाव कमी. कोकणातले एक सुपरवायझर होते, मायाळू माणूस. ते येऊन म्हणाले, "अरे, साहेबांचे पाय धर एकदा. मिटेल सगळं."

"कशाबद्दल धरू?"

ते म्हणाले, "तसं काही नाही रे. पण रीत असते."

त्या रितीवर मी त्यांच्यासमोरच थुंकलो. कोळशानं काळं झालेलं थुंकलो. पुढं ती नोकरी सोडली, दुसरीकडं लागलो. तिथल्या टीमनं बोलावलं तेव्हा पहिल्याच दिवशी सांगून टाकलं: टक्कर घेईन, ती खांद्यानं, रेफ्रीसमोर. कुणा साहेबाच्या सांगण्यावरून दुसऱ्या गरिबाचं हाड मोडणार नाही. आणि मला कुणी जनावर म्हटलं, तर तिथंच, सगळ्यांसमोर त्याला जाब विचारीन. मॅच चालू असली तरी. नोकरी गेली तरी.