सोळा बोअरचं शेवटचं गिऱ्हाईक

सोळाबाईंना सोळाबाई म्हणत ते वयावरून नव्हे, हे त्यांना एकदा पाहिलं की वेगळं सांगावं लागत नसे. साठीला टेकल्या होत्या, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला होता, आणि बंदुकीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून गेली चौतीस वर्षं त्या काडतुसं भरत होत्या. पूर्वी सगळ्या मापांची भरत. आता फक्त सोळा बोअरची.

बोअर म्हणजे काय, हे बंदूक घ्यायला येणाऱ्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं आणि उरलेल्या निम्म्यांना चुकीचं ठाऊक असतं. एक पौंड शिशाच्या, नळीत नेमक्या बसतील अशा बारा सारख्या गोळ्या झाल्या तर ती नळी बारा बोअरची. सोळा झाल्या तर सोळाची. म्हणजे आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. कचेरीतल्या वर्ग एक आणि वर्ग चारसारखाच प्रकार. एके काळी बारा बोअर दणकट माणसांची, वीस बोअर नाजूक माणसांची आणि सोळा बोअर चोखंदळ माणसांची, असं समजत. पुढे कारखानदारांच्या लक्षात आलं की चोखंदळ माणसं फार नसतात, आणि असतात ती पुन्हा पुन्हा बंदूक घेत नाहीत. त्यांनी बारा धरली, हौशी लोकांसाठी वीस ठेवली, आणि मधली सोळा अक्षरशः बाराच्या भावात गेली. हा विनोद थोरल्या मालकांचा. वर्षातून दोनदा करत आणि पहिलं हसू स्वतःच हसत. ते गेल्यावर विनोद थांबला, भाव मात्र तोच राहिला.

आता दुकान धाकटे बघत. धाकटे म्हणजे थोरल्यांचा मुलगा. वय बेचाळीस, तरी धाकटेच. त्यांच्या काळात बंदूक काळी झाली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्याच्यावरच्या रेषा, तेलाने आलेली झाक, हे सगळं आजोबांच्या फोटोसारखं भिंतीवर गेलं. विकायला काळं प्लास्टिक. वर दुर्बीण बसवायला खाचा, खाली बॅटरी बसवायला खाचा, बाजूला आणखी काय बसवायचं ते कारखान्याला अजून सुचलेलं नव्हतं, पण खाचा तयार होत्या. एका औषधविक्याने इतक्या गोष्टी बसवून घेतल्या की शेवटी बंदूक त्याला खांद्यापर्यंत उचलवेना. मग त्याने तिच्यासाठी तिपाई घेतली. नळ्या आधी लांब हव्या होत्या, मग आखूड, आता पुन्हा लांब. काडतुसांची कागदी नळकांडी गेली, लाल-पिवळ्या प्लास्टिकची आली. पाणथळ जागी शिसं वापरू नका असा हुकूम निघाला आणि छर्रे पोलादाचे झाले. जुन्या नाजूक नळ्यांना ते सोसेनात, म्हणून नळ्याही बदलल्या. खोक्यांवर गरुड आणि लांडगे आले. आत तेच बारीक, सात नंबरचे छर्रे, आणि घेणारा फोडणार काय, तर गावाबाहेरच्या जुन्या खाणीत यंत्राने उडवलेल्या मातीच्या ताटल्या. लांडग्याच्या चेहऱ्यावर ते दिसत नसे.

सोळाबाईंना या सगळ्याचं दुःख होतं म्हणावं तर नाही. त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाही बंदूक उडवली नव्हती, कुणी उडवताना पाहिलीही नव्हती. वडील या खोलीत काडतुसं भरत. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा मुलीने टेबल घेतलं. स्थळं यायची. मुलगी काय करते, असं कुणी विचारलं की वडील अभिमानाने सांगत, "काडतुसं भरते." पाहुणे अर्धा चहा तसाच ठेवून उठत. पुढे वडीलही गेले, स्थळंही थांबली. धाकट्या बहिणीचं लग्न झालं, ती महिन्या-दोन महिन्यांनी येऊन टोमणा मारून जाई, "ताई, तुझं सोळावं काही सरत नाही."

काम तसं सरळ होतं. रिकाम्या काडतुसाच्या बुडातली, ठिणगी पाडणारी वापरलेली टोपी काढायची, नवी बसवायची, पितळी मापाने दारू, त्यावर लोकरी नमद्याची जाड चकती, मग छर्रे, आणि सगळ्यात वर एक पातळ पुठ्ठ्याची चकती. मग हातयंत्राची मूठ फिरवून नळकांड्याचं तोंड आत वळवायचं, की चकती पक्की बसली. त्या चकतीवर छर्ऱ्यांचा नंबर लिहायचा. नव्या काडतुसांचं तोंड पाकळ्या दुमडून मिटतं, त्यांना चकती लागत नाही. नंबर खोक्यावरच छापलेला असतो. सोळाबाईंच्या मात्र प्रत्येक काडतुसावर हाताने लिहिलेला आकडा असे. रुपयाएवढ्या जागेत. बार उडाला की चकती दहा पावलांवर गवतात पडणार, हे त्यांना माहीत होतं. तरी आकडा वळणदार काढत.

हा आकडा वाचणारा माणूस जगात एकच होता.

चौकापलीकडच्या गल्लीत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्याचे मालक घड्याळवाले. मामाकडून आलेली सोळा बोअरची दुनळी त्यांच्याकडे होती. थंडी सुरू होताना बिस्किटांच्या डब्यात शंभर रिकामी काडतुसं घेऊन येत. आठ दिवसांनी भरलेली घेऊन जात. थंडी संपताना पुन्हा तेच. म्हणजे वर्षात चार भेटी. तेवीस वर्षांच्या किती होतात, हे सोळाबाईंनी कधी मोजलं नाही असं त्या म्हणत. ब्याण्णव होतात.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी भरलेलं काडतूस हातात घेऊन घड्याळवाल्यांनी खिशातून भिंग काढलं, घड्याळाची चाकं बघायचं, डोळ्याच्या खोबणीत धरायचं, आणि चकती पाहिली.

"या वेळचे सात जरा घाईत दिसतात," ते म्हणाले.

"ताप होता," सोळाबाई म्हणाल्या.

"आता?"

"उतरला."

"मग ठीक." आणि डबा उचलून गेले.

एवढंच. पण तापाचं सख्ख्या बहिणीच्या लक्षात आलं नव्हतं. सोळाबाई त्या तीन वाक्यांवर ते वर्ष जगल्या, आणि पुढच्या वर्षी सात आणखी सावकाश लिहिले. 'छान आलेत' असं ते कधी म्हणाले नाहीत. भिंग लावत, बघत, मान हलवत. घड्याळवाल्याने मान हलवणं म्हणजे घड्याळ चालू झालं.

अकरा वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. त्या थंडीत डबा त्यांची मुलगी घेऊन आली. सोळाबाईंना काहीतरी म्हणायचं होतं, पण म्हणायला जागा होती ती रुपयाएवढी, आणि लिहायचा आकडा ठरलेला. सात या आकड्यातून सांत्वन करणं अवघड असतं. त्यांनी शंभर वेळा प्रयत्न केला.

यंदा थंडी पडून तीन आठवडे झाले तरी डबा आला नाही. त्यातच सोळाची नळकांडी पाठवणाऱ्या कारखान्याचं पत्र आलं, की आपल्या दीर्घ सहकार्याबद्दल आभारी आहोत. पुढे काय, ते आभारातच आलं.

"मावशी," धाकटे म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही पुढे काउंटरवर बसा, पगारात फरक नाही. हे टेबल सोमवारी काढतो. दुर्बिणींचं कपाट येतंय."

"घड्याळवाले यायचेत अजून."

"एका माणसासाठी खोली अडवायची?"

"अरे, एकच उरलाय म्हणून तर म्हणतेय."

"ते आले तर त्यांना चांगली बारा दाखवू. हलकी आहे."

काउंटरवर बसायला सोळाबाईंची ना नव्हती. पण बारा बोअरचं खोकं गावात सहा दुकानांत मिळतं, दोन तर घड्याळवाल्यांच्या घराजवळच. ते घ्यायला कुणी चौक ओलांडून येत नाही.

बुधवारी दुपारी घड्याळवाले आले. हातात कॅनव्हासच्या पिशवीत बंदूक होती. डबा नव्हता. सोळाबाई मागच्या खोलीतून बाहेर आल्या.

"डबा विसरलात?"

"विसरलो नाही." त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली, कडेला ठेवली म्हणून पुन्हा चाचपून आत सरकवली. "डोळे गेले बाई. म्हणजे अगदीच नाही. तास काटा दिसतो, मिनिट काटा अंदाजाने."

"आणि दुकान?"

"भाचा बघतो. तो काय, सेल बदलतो. घड्याळाला हातही लागत नाही त्याचा." ते जरा हसले. "परवान्याच्या कचेरीत डोळे तपासतात आता. साहेब म्हणाले, समोरची पाटी वाचा. मी धडाधड वाचली."

"मग?"

"पाटी दुसऱ्या भिंतीवर होती. मी कॅलेंडर वाचलं."

धाकटे हसले, मग हसू नये असं वाटून खोकले.

"परवाना महिनाअखेर संपतो. जावई म्हणतो, विकून टाका. विचारलं चार ठिकाणी. सोळा म्हटलं की लोक बंदुकीचं नाही, माझंच वय विचारतात. तेव्हा म्हटलं, तुमच्याकडे जमा करावी."

बंदूक दुकानात जमा करणं म्हणजे मोठं काही नसतं. एक फॉर्म, दोन सह्या, बंदुकीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, आणि आतल्या लोखंडी कपाटात एक जागा. धाकट्यांनी फॉर्म भरला. सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवलं, अगदी मायेने. घड्याळवाल्यांनी रेघेच्या थोडी वर सही केली.

"झालं काका. आता निश्चिंत राहा. तुम्हाला पुन्हा यायची काही गरज नाही. आम्ही सांभाळू."

माणूस चांगुलपणाने बोलतो तेव्हा त्याला अडवणं कठीण जातं. घड्याळवाल्यांनी मान हलवली. पेन खिशात ठेवलं. ते दुकानाचं होतं. काउंटरचा आधार सोडून ते दाराकडे वळले. या वेळी आठ दिवसांनी नेण्यासारखं काही मागे राहिलं नव्हतं.

"गरज आहे," सोळाबाई म्हणाल्या.

दोघेही थांबले.

"जमा केलेल्या बंदुकीला मालकाने स्वतः येऊन तेल द्यावं लागतं. महिन्यातून एकदा. नियम आहे."

चौतीस वर्षांत सोळाबाईंनी दारूचा एक कण कमी-जास्त घातला नव्हता. दुकानात कुणाला कायद्याची शंका आली तर पुस्तकाआधी त्यांना विचारत. त्यामुळे धाकट्यांना स्वतःच्याच ज्ञानाचा संशय आला.

"असा नियम..."

"जुना आहे. तुझ्या वडिलांच्या वेळचा."

धाकट्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशी फॉर्मकडे बघत होत्या, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. धाकटे बेचाळीस वर्षांचे होते. काही गोष्टी उशिरा का होईना, त्यांना कळत.

"हो," ते म्हणाले. "आहे खरा. मीच विसरलो."

घड्याळवाले दारातून परत आले. त्यांनी कपाळाला आठी घातली. आयुष्यभर लोकांनी आणलेली घड्याळं कानाला लावून, मालक खरं सांगतो का खोटं, हे ते ओळखत आले होते.

"महिन्यातून एकदा?" ते म्हणाले. "हा कुणी केला नियम? लोखंड महिनाभर वाट बघत नाही हो. गंज चढेल. आठवड्याला द्यायला हवं."

"नियमात महिना आहे," सोळाबाई म्हणाल्या. "पण जास्त दिलं तर हरकत नसावी."

"बुधवारी आमचं दुकान बंद असतं."

"आमचं उघडं असतं."

"आणि बसायचं कुठे? उभ्याने नळी साफ होत नाही."

सोळाबाईंनी धाकट्यांकडे पाहिलं. टेबल सोमवारी जाणारच होतं. कपाटाचे पैसे भरून झाले होते. "काउंटरच्या आत दोन खुर्च्या मावतात," धाकटे म्हणाले. "तिसरी नाही. मी उभा राहीन."

घड्याळवाल्यांनी काउंटरवरची पिशवी स्वतःकडे ओढली आणि बोटांनी चाचपत तिचा पट्टा सोडायला सुरुवात केली.

"आज बुधवारच आहे," ते म्हणाले. "चिंधी आहे का एखादी?"

"आहे की," म्हणून सोळाबाई मागच्या खोलीत गेल्या. खोली आठ बाय दहाची, चिंध्या खुंटीला टांगलेल्या. बाहेर बराच वेळ वाट बघावी लागली.