इंजिनाचे डोरे

तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात ते लाकडी नंदी सालेकशात रंगवावेत ते रुख्मानेच. कोणी दुसरं नाव घेतलं तर मी भांडायला तयार आहे. तिचा नंदी आपल्याकडे बघतोय असंच वाटायचं, कारण डोळे ती सगळ्यात शेवटी काढायची, श्वास रोखून.

पंचावन्न साली, पोळ्याच्या आधी, रिटायर झालेले ड्रायव्हर मनोहरलाल तिच्याकडे आपलं लाकडी इंजिन घेऊन आले. ते त्यांनी स्वतःच्या हाताने बनवलं होतं. जन्मभर मालगाडी हाकली, म्हणून तेही काळंच. पण आता त्यांना ते मेलच्या इंजिनासारखं हिरवं हवं होतं.

रुख्माने जुना रंग खरवडला, हिरव्याचे दोन हात मारले आणि पट्टी न लावता पिवळ्या रेघा अशा ओढल्या की कुठे हात हलल्याचं दिसू नये. न्यायला आलेले मनोहरलाल हरखले. मग त्यांनी इंजिन समोरून पाहिलं आणि भडकले. दिव्याच्या दोन्ही बाजूंना काजळ घातलेले टपोरे डोळे होते!

"इंजिनाले डोळे कायले, रुख्माबाई? ये क्या बैल है?"

"मागच्या साली लाइनीवर माझा बैल कटला, डरायवरबाबू," रुख्मा म्हणाली. "तवा इंजिनाले डोरे नव्हते. आता दिसल त्याले."

मनोहरलाल त्या डोळ्यांसमोर उकिडवे बसले.

"नाव काय होतं त्याचं?"

"पवळ्या."

त्यांनी तिचाच ब्रश उचलला आणि इंजिनावर, नंबराच्या जागी, लिहिलं: पवळ्या.