उंबऱ्यावरचं पाणी

हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्याच्या पुढच्याच वर्षी माझी बदली उमरग्याच्या दवाखान्यात झाली. मी नर्स. लग्न केलेलं नव्हतं, वडील गेलेले, त्यामुळं आई माझ्याबरोबरच असायची. गावात कॅथलिक घर आमचं एकटंच. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकायची तर सोलापूर गाठावं लागे. फादर वर्षातून दोनदा मोटारीनं यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. मधल्या महिन्यांत घराच्या रक्षणाचं खातं आईकडं.

आई सैतानाला भ्यायची, पण लोक भुताला भितात तशी नाही. भूत कुठंतरी चिंचेवर, विहिरीत असतं. सैतान मात्र रोज दाराशी येऊन आत कुणाचं मन ढिलं पडलंय का ते बघून जातो, असं तिचं म्हणणं. त्याची वेळही रात्रीची नव्हे, भर दुपारची. जेवण होतं, अंग जड होतं, प्रार्थनेचा कंटाळा येतो, जीव उगाच विटतो, तेव्हा तो शिरतो. हे तिला लहानपणी मिशनमधल्या सिस्टरांनी शिकवलेलं. शेजारच्या मास्तरीणबाईही बारा वाजता पोराला अंगणात सोडत नसत, त्यामुळं एवढ्या एका बाबतीत दोघींचं छान जमायचं.

रोज बाराच्या आत आई आशीर्वादाच्या पाण्यात अंगठा बुडवून उंबऱ्यावर क्रूस काढायची. पाणी औषधाच्या बाटलीत, फादरांनी मंत्रून दिलेलं. ते पुरवायची तिची रीत होती: बाटली अर्ध्यावर यायच्या आत तीत साधं पाणी घालायचं, पण जुन्यापेक्षा नवं कमी. मग जुन्याचा आशीर्वाद नव्यालाही लागतो. मी तिला चिडवायची, "आई, दूधवाला पण हेच करतो." ती हसायची नाही.

दिवाळीत मास्तरांच्या घरी रंग दिला, म्हणून मलाही सफाईची हुक्की आली. आई मास्तरीणबाईंकडं गेली होती. फळी पुसताना बाटली पडली. फुटली नाही, पण बूच निघालं आणि सगळं पाणी मातीच्या जमिनीनं पिऊन टाकलं. एक थेंब उरला असता तरी आईच्या हिशोबानं काहीतरी करता आलं असतं. ओलं फडकं बाटलीत पिळावं असंही क्षणभर मनात आलं, आणि स्वतःचाच राग आला. शिकलेली बाई मी, लोकांना उकळलेलं पाणी प्या म्हणून दटावणारी! सरळ माठातलं पाणी भरलं, बूच लावलं, बाटली जागेवर ठेवली.

नाताळानंतर फादर आले. घराला आशीर्वाद देऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "पाणी मंत्रून देऊ का?" आई अभिमानानं म्हणाली, "भरल्याली हाय फादर अजून बाटली. म्या पुरवून वापरते." मी चहाचे कप घेऊन तिथंच उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. पण आईच्या हलगर्जीपणावर येता-जाता तोंड टाकणारी मी, स्वतःची चूक चारचौघांत कशी सांगणार? म्हटलं, पाणी ते पाणी. फादर गेले.

त्यानंतर आई बदलली. खरं तर तिचं हृदय थकलं होतं. पायांवर सूज, चार पावलांत दम. ते मला दिसत होतं, औषधही चालू होतं. पण ती म्हणायची, "घरात कुणीतरी हाय गं. दुपारचं मागं उभारल्यावानी वाटतंय." एकदाऐवजी तीनदा क्रूस काढू लागली. मास्तरीणबाईंचं पोर झोपेत दचकायला लागलं तर त्याच्याही कपाळाला तेच पाणी लावून आली. मी बघत राहिले. आणि खोटं कशाला सांगू, ती सारखी बघायची त्या ज्वारीच्या पिंपाजवळच्या कोपऱ्यात दुपारी मीही जाईनाशी झाले.

मे महिन्यात तिनं अंथरूण धरलं. शेवटचा अभ्यंग, म्हणजे मरणाऱ्याला फादर पवित्र तेल लावतात तो संस्कार, मिळावा एवढाच तिचा ध्यास. मरताना सैतान शेवटचा जोर लावतो, त्या वेळी फादर जवळ हवेत, हे ती पुन्हा पुन्हा बजावायची. मी सोलापूरला तार केली. उत्तर आलं, फादर खेड्यांच्या फेरीवर गेलेत, गुरुवारी परत येतील. तो दिवस मंगळवार होता.

त्याच दिवशी बाराला पत्रे तापून तडतडत होते. आई वळकटीला टेकून बसली होती, आडवं झालं की श्वास कोंडायचा. एकदम माझं मनगट धरून म्हणाली, "पाणी शिंपड. आत आलाय." नजर पिंपाकडं. मी शिंपडलं.

"हलंना."

पुन्हा शिंपडलं. ओंजळभर फेकलं. पिंपावरून ओघळ गेले.

"भीतच न्हाय पाण्याला," ती म्हणाली, आणि रडायला लागली. वडील गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. "देवानंच सोडलं मला. काय पाप केलं गं म्या?"

दवाखान्यात मी रोज माणसांना तोंडावर खोटं सांगायची, बरे व्हाल म्हणून. पण देवानं टाकलं असं समजून ती जाणार, हे मला सोसेना. मी म्हटलं, "देवानं नाही गं सोडलं. पाणीच साधं आहे. दिवाळीत माझ्या हातून सांडलं, मी माठातलं भरून ठेवलं."

मला वाटलं, तिला हायसं वाटेल.

ती म्हणाली, "दिवाळीपासनं? म्हंजी दार उघडंच हुतं की." मग, "मास्तरणीच्या लेकराला बी तेच लावलं म्या." रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती भ्याली होती, आणि आता स्वतःसाठी नाही. अंगठा उचलवत नव्हता तरी उचलला, कपाळावरच्या घामात भिजवला आणि माझ्या कपाळावर क्रूस काढला. "मी चालले. तुला हितंच ऱ्हायचंय, त्याच्यासंगं."

मी प्रार्थना म्हणायला तोंड उघडलं. लहानपणापासून पाठ असलेली, एक ओळ आठवेना. तासाभरानं ती गेली. डोळे कोपऱ्याकडंच होते. ते मिटायला मला दोनदा हात लावावा लागला.

बुधवारी तिला माती दिली. गुरुवारी फादर आले. मी स्वयंपाकघरात गुडघे टेकून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, पाणी नुसतं आधाराला असतं, तुझ्या आईसारख्या श्रद्धावान बाईला सैतान बोटही लावू शकत नाही. मग तीन प्रार्थनांचं प्रायश्चित्त देऊन त्यांनी क्षमा दिली. त्यांच्यासाठी ठेवलेला चहा तोवर निवलाही नव्हता.

माझं पाप असं फिटलं. पण तो तासभर ती ज्या भीतीत होती, ती तिच्यावरून कोण काढणार, हे फादरांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही.