अंगठ्याची कुस्ती

मामांनी इचलकरंजीहून टीव्ही गेम आणला तेव्हा मी चौथीत होते. मागावरची पाळी संपवून ते तसेच एसटीत बसले होते, सदऱ्याला सुताची कुसं चिकटलेली. पिशवीतून त्यांनी एक करडा डबा काढला, दोन रिमोट काढले आणि एक पिवळी कॅसेट काढली. कॅसेट खोबणीत बसवण्याआधी तिच्यात फुंकर मारायची, हे शास्त्रही त्यांनीच शिकवलं. फुंकरीनं नेमकं काय होतं ते मला आजही ठाऊक नाही, आणि माझं पोट कंप्युटरवरच चालतं.

आमचे आप्पा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत वाळूचे साचे भरायचे. त्याआधी, उमेदीच्या काळात, ते पेठेतल्या तालमीत पैलवान होते. दोन्ही कान मोडलेले, मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते कळू नये असं अंग. त्या कॅसेटमध्ये एक कुस्तीचा गेम होता. लाल चड्डीतला एक चौकोनी माणूस आणि निळ्या चड्डीतला दुसरा. आप्पांनी दारात उभं राहून थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "अंगठ्यानं कुस्ती? मग जेवण काय नाकानं करायचं?"

मला तालमीत उतरायचं होतं, हे आधी सांगायला हवं. आप्पा सवयीनं अजूनही तालमीत जायचे आणि मी त्यांचं बोट धरून उंबऱ्यापर्यंत जायची. आत पोरींना मज्जाव. आता आमच्याच जिल्ह्यातल्या पोरी कुस्तीत पदकं आणतात, पण तेव्हा आमच्या पेठेत तसं नव्हतं. मी हट्ट केला, आदळआपट केली, एक जेवणसुद्धा सोडलं. आप्पा एवढंच म्हणाले, "ते न्हाई जमायचं." माझा राग तेव्हाही वाईट होता. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

त्यामुळं तो लाल चौकोनी माणूस म्हणजे मीच होते. फक्त तो सारखा हरायचा. मशीनचा निळा गडी मला उचलून आपटायचा आणि मी रिमोटला शिव्या घालायची. एकदा मी "बटण अडकतंय" म्हणून ओरडले, तर मागून आप्पा म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं. आरं, पट काढ की! पाय दिसतोय न्हवं त्याचा?"

"पट काढायचं बटणच घावत न्हाई ह्यात. मी काय करू? मी हरतोच."

आमच्याकडं पोरींना 'आरं' म्हणतात आणि पोरी 'मी जातो, मी खेळतो' म्हणतात. पुढं पुण्यात नोकरीला गेले तेव्हा मैत्रिणी यावर पोट धरून हसायच्या. हसू देत.

आप्पा शेजारी बसले आणि त्यांनी दुसरा रिमोट उचलला, निळ्या गड्याचा. त्यांच्या पंज्यात तो झिजलेल्या साबणाच्या वडीएवढा दिसत होता. आधी त्यांनी फरशीला हात लावून कपाळाला लावला, मग माझ्यापुढं हात केला. सलामी दिल्याशिवाय कुस्ती लागत नाही म्हणाले. मग एकदम अंगावर जायचं नाही, आधी खडाखडी करायची, समोरच्याचा पाय कुठं पडतो ते बघायचं. ज्या मातीत मला उतरू दिलं नव्हतं, तिचे सगळे रिवाज आमच्या फरशीवर आले.

आणि मी जिंकायला लागले. आप्पांना मी रोज संध्याकाळी आसमान दाखवायची. वर्गात सांगत सुटले की आमच्या आप्पांना मी पाडतो. आई स्वयंपाकघरातून भाकरी थापता थापता विचारायची, "कोण पडलं?" त्यावर आप्पांचं उत्तर ठरलेलं, "बरोबरीत सुटली." मी चिडून उठायची. आई म्हणायची, पैलवानाच्या तोंडून 'पडलो' हा शब्द निघत नाही, तू कितीही डोकं आपट.

मग तो सोमवार आला. सोमवारी फौंड्रीला सुट्टी असायची. आमची शाळा कशामुळं तरी लवकर सुटली आणि मी दारात आले तर आप्पा एकटेच टीव्हीपुढं मांडी घालून बसलेले. समोर शेवटची स्टेज, जिथपर्यंत मी कधी पोचलेही नव्हते. लाल गडी असे डाव टाकत होता की निळ्याला उठायला सवड मिळत नव्हती. त्यातला एकही डाव त्यांनी माझ्यावर कधी टाकला नव्हता.

मी दप्तर आपटलं. "मला मुद्दाम जिंकवता व्हय?"

आप्पा चोरी पकडल्यासारखे हसले. म्हणाले, "आरं, ल्हान पोरगं मातीत आलं की वस्ताद त्याला खेळवतो. पाडत न्हाई. भीती मोडायची असती त्याची."

"मला भीती न्हाई. मला खेळवू नका, माझ्यासंगं खेळा. पाडा मला."

त्यांनी सलामी दिली आणि मला पाडलं. परत लावली, परत पाडलं. मी रडत होते आणि 'परत लावा' म्हणत होते. आई बाहेर येऊन त्यांना बोलली, पोरीला रडवता म्हणून. पण त्या दिवसाइतकी खूश मी क्वचितच झाले असेन. आप्पांनी मला जोड मानलं होतं. तालमीत बरोबरीच्या गड्याला जोड म्हणतात, आणि खरी कुस्ती जोडीशीच लागते.

त्यानंतर मी त्यांना एकदाही पाडू शकले नाही. पुढं एक दिवस कॅसेटनं फुंकरीला दाद देणं सोडलं आणि ती कुस्ती तशीच राहिली.

खेळणं मात्र सुटलं नाही. बारावीनंतर पोरांनी भरलेल्या सायबर कॅफेत खेळले, पुण्यात खोलीवर खेळले, नंतर पहिला चांगला पगार झाल्यावर घरचं मशीन घेतलं. ऑनलाइन खेळताना माझा आवाज ऐकला की काही पोरं टिंगल करतात आणि काही पोरं मुद्दाम हरून हळूच डाव सोडून देतात. टिंगलीचं मला काही वाटत नाही. सोडून देणाऱ्याला मात्र मी सांगते, बाबा रे, मला खेळवू नको. तेवढी अक्कल मला आप्पांमुळं आली, आणि हरल्यावर पुन्हा बसायची सवयही त्यांचीच. त्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

मागच्या दिवाळीत मी कोल्हापूरला येताना एक छोटा डबा आणला. जुने गेम सगळे त्यात भरलेले असतात, फुंकर मारावी लागत नाही. लाल आणि निळा, दोघं होते तसेच. आप्पा आता निवृत्त. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि वाळू ठोकून ठोकून उजवा अंगठा आखडलाय. एवढ्या वर्षांनी मला ती राहिलेली कुस्ती हवी होती. सलामी झाली, खडाखडी झाली आणि माझ्या लक्षात आलं की त्यांचा अंगठा बटणावर पोचेपर्यंत निळा गडी नुसता उभा राहतोय. माझा हात आपोआप हळू झाला. मी लाल गड्याला उगाच इकडंतिकडं फिरवत राहिले, एकदोनदा पडलेसुद्धा.

आप्पांनी रिमोट खाली ठेवला.

"मला खेळवालायस व्हय?"

चौथीतली मी दप्तर आपटून दारात उभी होते, तेव्हाचं माझं तोंड आता त्यांचं झालं होतं.

"मी काय ल्हान पोरगं हाय? खेळायचं आसंल तर खेळ. न्हाईतर राहू दे."

मग मी खेळले. हात राखला नाही. पट काढला, उचलला आणि निळा गडी पाठीवर पडला, त्याला काही कळायच्या आत. आवाज ऐकून आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण पडलं?"

"मी पडलो की!" आप्पा ओरडले, गल्लीत ऐकू जावं असं. "चीत झालो! पोरीनं पाडलं!"

आई पिठाच्या हातानं बाहेर आली. तिनं हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. आप्पांना मात्र सवड नव्हती. त्यांनी फरशीला हात लावून कपाळाला लावला आणि तो आखडलेला अंगठा तसाच माझ्यापुढं केला.

"रडतोस काय मर्दा, परत लाव."