वईवरचे नाकतोडे

काशीराम गोताडला कोणी विचारलं, काय काम करतोस, तर तो सांगतो, काटे लावतो. नवा माणूस यावर जरा मागे सरकतो. खरी गोष्ट साधी आहे. आमच्या कोकणातल्या कातळी सड्यावरच्या आंब्याच्या बागांत गुरं शिरू नयेत म्हणून जांभ्या दगडाचा गडगा असतो, आणि जिथे गडगा नाही तिथे वई, म्हणजे करवंदीच्या काटेरी फांद्यांचं कुंपण. जुने काटे पावसात कुजतात, त्यामुळे पाऊस सरला की वई दर वर्षी नव्याने घालावी लागते. काशीराम अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि गेली चोवीस वर्षं आनंदीबाईंच्या बागेची वई तोच घालतो. त्या वईतून म्हैस सोडाच, शेजाऱ्याची नजरही आत जात नाही, असं तोच म्हणतो.

वई सोडली तर त्याच्या लक्षात फारसं काही राहत नाही. कोयता कमरेच्या आकडीला अडकवलेला असतो आणि हा घरभर कोयता शोधतो. यमुनाबाई, त्याची बायको, म्हणते, वरात दुसऱ्या वाडीत गेली नाही हेच माझं नशीब.

गेल्या डिसेंबरात मोहोर फुटला आणि फवारणीला नितेश आणि त्याचा एक जोडीदार आले. बागेच्या वरच्या कोपऱ्यात वईवर त्यांना चार नाकतोडे, एक सरडा आणि अर्धी सापसुरळी दिसली. सगळे काट्यांवर नीट टोचलेले. दोघांनी पंप तिथेच ठेवले आणि सांगितलं, या बागेवर कोणीतरी काहीतरी केलंय, आम्ही आत येणार नाही.

आता काटे लावतो कोण? काशीराम. त्यात दिवाळीला बाईंचा मुलगा अपूर्व पुण्याहून आला होता, तेव्हा त्याने तारेच्या कुंपणाची गोष्ट काढली होती आणि काशीराम चारचौघांत चिडून बोलला होता. एवढ्याचा धागा जोडायला वाडीला एक चहा पुरला.

आनंदीबाई निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं विज्ञान शिकवलेलं, करणीबिरणी त्या मानत नाहीत. काशीरामच्या दृष्टीने हेच वाईट झालं. करणी नाही म्हटल्यावर माणसाने केलं एवढंच उरतं. बाई त्याला म्हणाल्या, "काशीराम, तू केलं असशील असं मी म्हणत नाही. पण शनिवारपर्यंत कोणी केलं ते मला कळलं पाहिजे. मोहोर थांबत नाही. गडी आले नाहीत तर मी अपूर्वला तार आणायला सांगेन."

हा सोमवार होता. मंगळवारी पहाटेपासून काशीराम आंब्याच्या कलमाखाली बसला. मी जयगडला बंदरावर नोकरी करतो, हात मुरगळल्यामुळे तेव्हा घरीच होतो, म्हणून त्याच्या शेजारी जाऊन बसलो. पहिल्या दिवशी आम्हाला मुंग्या चावल्या, बाकी काही झालं नाही.

बुधवारी सकाळी एक पक्षी आला. मुठीएवढा. डोकं राखी, पाठ तांबूस, शेपूट लांब, आणि डोळ्यांवरून काळी पट्टी. चोचीत नाकतोडा. त्याने तो काट्यावर दाबला, खाली ओढून पक्का बसलाय ना ते पाहिलं आणि न खाता उडून गेला.

"यानं तर माजाच धंदा काढलान," काशीराम म्हणाला.

मोबाईलवर शोधलं तर नाव निघालं खाटीक. काशीरामला ते पटलं नाही. खाटीक कधी माल टांगून पळून जातो का? त्याने त्याला चष्मेवाला म्हणायला सुरुवात केली. मी व्हिडिओ काढला होताच. संध्याकाळी तो नितेशला दाखवला आणि काम झालं असं समजलो.

नितेशने व्हिडिओ तीनदा पाहिला. मग म्हणाला, जे पाखरू मारतं आणि खात नाही, ते कोणीतरी पाठवलेलंच असणार. म्हणजे व्हिडिओमुळे काशीराम सुटायच्या ऐवजी आणखी अडकला. आता त्याला एका पाखराचा स्वभाव शनिवारपर्यंत सिद्ध करायचा होता.

तो बाईंकडे गेला. बाईंनी चष्मा पुसला. चोवीस वर्षांत त्या काशीरामशी कुंपण सोडून पहिल्यांदाच काही बोलत होत्या. त्यांनी विचारलं, ठेवतो हे दिसलं, पण परत येऊन खातो का, हे बघितलंस का? काशीरामने बघितलं नव्हतं.

गुरुवारी त्याने यमुनाबाईच्या डब्यातला पांढरा दोरा घेतला आणि नाकतोडा असलेल्या प्रत्येक काट्याशेजारी एकेक गाठ मारली, कारण नाहीतर त्याच्याच लक्षात राहिलं नसतं. दुपारी चष्मेवाला आला, सरळ एका गाठीपाशी उतरला आणि नाकतोडा खाऊन गेला. काशीराम पळत बाईंकडे. बाई म्हणाल्या, दोरा बघून आला असेल. रिकाम्या काट्यांनाही दोरे बांध.

काशीरामने मला सांगितलं की बाई त्याला सातवीत शिकवायच्या तेव्हाही अशाच होत्या, उत्तर बरोबर आलं तरी रीत विचारायच्या. पण त्याने वीस दोरे बांधले. शुक्रवारी पक्षी आला आणि रिकाम्या दोऱ्यांकडे ढुंकूनही न बघता आपल्या काट्यावर गेला. गर्द करवंदीच्या त्या पसाऱ्यात मला स्वतःला पाच मिनिटांपूर्वी बांधलेली गाठ सापडत नव्हती.

शनिवारी बाई स्वतः स्टूल घेऊन आल्या. नितेश आणि त्याचा जोडीदार गडग्यापलीकडे उभे, आत पाऊल नाही. तेवढ्यात काशीरामच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, त्याने सरडा काढून वीतभर बाजूच्या काट्यावर लावला.

पक्षी आला. जुन्या काट्यावर बसला. खाली बघितलं, मान वाकडी करून परत बघितलं, फांदीच्या पलीकडून बघितलं, पुन्हा त्याच काट्यावर येऊन बसला. सरडा वीतभरावर होता. देवळातून बाहेर आल्यावर चप्पल नसली की माणूस जसा तिथेच उभा राहतो, तसा तो बसून राहिला. मग उडून गेला.

"असं नको होतं करायला," काशीराम हळू म्हणाला, आणि उठून सरडा होता तिथे परत लावला.

गडग्यापलीकडून नितेश एकदम हसला. "ही तर आमची आय," तो म्हणाला. "फणसाच्या आठळा उन्हाळ्यात मातीत पुरून ठेवते. आमाला खुणा सापडत नाय, पण पावसात ती बरोबर तितंच उकरते. आमी हलवल्या तर घर डोक्यावर घेते." जोडीदारही हसला. बेगमी करणाऱ्याला कोण घाबरणार? दोघं गडगा ओलांडून आत आले आणि पंप उचलले.

तेव्हा काशीराम त्यांच्यासमोर आडवा झाला. त्याच्यावरचा आळ नुकताच गेला होता, आणि गडी आले तर तार टळणार होती, तरी तो आडवा झाला. म्हणाला, वरच्या कोपऱ्यात औषध मारलंत तर नाकतोडे मरतील, नाहीतर विषारी होतील, आणि हा तेच टोचून ठेवील नि तेच खाईल.

"बाई, दोन कलमं सोडा."

बाई स्टुलावरून उठल्या. मोहोराकडे बघत राहिल्या. "दोन नाही. एक."

"वईकडचं."

"वईकडचं. आणि त्यावरचा आंबा गेला तर तुझ्यामुळे गेला असं तुझ्या तोंडावर सांगेन."

संध्याकाळी अपूर्वचा फोन आला. त्याला सगळं कळलं होतं, आणि तो म्हणाला की हा पक्षी तारेच्या काट्यांवरही टोचतो, तेव्हा तार आणायला हरकत नाही. बाईंनी हे दुसऱ्या दिवशी काशीरामला सांगितलं. तो म्हणाला, तार गंजते, आणि त्याचं जेवण तिच्यावर.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पुढची वई तूच घाल. पण सड्यावरून काटे तोडताना त्याच्या झाळी, तो टोचतो ती करवंदीची झुडपं, तोडू नकोस."

त्यानंतर रोज संध्याकाळी काशीराम सड्यावर फिरतो, एकेक करवंदी वाकून तपासतो. नाकतोडा दिसला तर ती झाळ सोडायची. परवा मी विचारलं, किती झाळी सोडायला लागतील? तो म्हणाला, ते चष्मेवाल्यालाच माहीत.